लाल चिंधी

लॉक पत्रा टॉर्क रेंचच्या खाली होता.

दसऱ्याची सकाळ होती. पूजेवरची कालची सुकलेली फुलं काढून मी ताजा झेंडू वाहत होते. पूजेला बसलेली हत्यारं हलवायची नसतात, म्हणून एकेक फूल चिमटीनं उचलत होते. रेंचच्या दांड्याखालून काहीतरी चकाकलं. ओढून काढलं. बोटाएवढा लांब, दोन भोकांचा पातळ पत्रा. त्यावर हळद-कुंकू लावलेलं. त्याचे कान सरळ होते. कुठंही वाकवल्याची खूण नव्हती.

मी मागं वळले. काल बुटकी उभी होती ती जागा रिकामी होती. फरशीवर चिरडलेलं लिंबू आणि नारळाच्या पाण्याचा डाग तेवढा राहिला होता.

"आबा, काकासाहेब गाडी घेऊन गेले?"

आबा, माझे वडील, गॅरेजच्या दाराला तोरण बांधत होते. अंगात नवा सदरा, खाली रोजचीच खाकी पँट. "उजाडायलाच की, तू यायच्या आधी. काकी पण होत्या. पेढा दिला, किल्ली दिली. गेलीत पन्हाळ्याला, दरवर्षीसारखी."

काकासाहेब सरनोबतांनी तरुणपणी मोटारींच्या शर्यती गाजवल्या होत्या आणि आबा त्यांचे मिस्त्री होते. शर्यती सुटल्या, गाडी राहिली. दोन सीटांची, कापडी छपराची लाल इटालियन गाडी. रस्त्याला इतकी टेकून चालायची की उद्यमनगरात तिला सगळे बुटकी म्हणायचे. दसऱ्याला नवरा-बायकोनं तिच्यातून पन्हाळ्याला जायचं, तिथं एका छपरात झुणका-भाकरी खायची आणि उन्हं चढायच्या आत खाली यायचं, हा त्यांचा नेम होता.

त्या वर्षी तिच्या मागच्या ब्रेकच्या डिस्क पार झिजल्या होत्या. काठाला बोट लावलं तर कापेल अशी धार आली होती. नव्या कुठं मिळतात ते शोधून काकासाहेब थकले. शेवटी आबांनी जुनी डिस्क मापाला घेतली, लाकडी पॅटर्न करून घेतलं, शिरोलीच्या एका फाउंड्रीत दोन डिस्क ओतवल्या आणि स्वतः लेथवर उभं राहून खरवडल्या. या सगळ्यात खंडेनवमी येऊन ठेपली. डिस्क बसवायचं काम त्याच दिवशी करावं लागलं.

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात आबांची हत्यारं आणि त्यांचे भागीदार बशीरचाचा यांचा पान्यांचा डबा एका पाटावर पूजेला बसायचा. शेजारी गाड्या ओळीनं उभ्या करायच्या. आबांचा एक हट्ट असे. जॅकवर चढवलेल्या, चाकं काढलेल्या गाडीची पूजा करायची नाही. देवापुढं गाडी आपल्या पायावर उभी पाहिजे.

बुटकीचं डावं चाक मी केलं होतं. डिस्क बसवली, तिला दोन्ही बाजूंनी धरणारा कॅलिपर जागेवर आणला, त्याचे दोन बोल्ट लॉक पत्र्यातून घातले आणि टॉर्क रेंचनं आवळले. पुरेसा ताण आला की तो रेंच 'कट्' असा आवाज करतो. आवाज आल्यावर पत्र्याचे कान बोल्टच्या डोक्यावर वाकवले. एकदा कान वाकवले की बोल्ट फिरत नाही. आबा शेजारी बसून बघत होते. मग म्हणाले, तू आरतीचं बघ, उजवं मी करतो.

मी घरातून ताट घेऊन आले तेव्हा बुटकी चारी चाकांवर उभी होती. बॉनेटवर हार होता. आणि स्टिअरिंगला चिंधी नव्हती.

त्या चिंधीचा नियम आबा आणि बशीरचाचा यांनी गॅरेज काढलं तेव्हाच घालून दिलेला. ज्या गाडीचं काम अर्धवट आहे तिच्या स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी असलेली गाडी कुणी जागची हलवायची नाही, मालकानंही नाही. आणि ज्यानं काम केलं त्यानंच ती सोडायची. चिंधी नाही म्हणजे काम झालं. त्यावर दुसरा प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मी पत्रा आबांपुढं धरला. "हा उजव्या चाकाचा."

त्यांनी तोरणाची गाठ मारता मारता पाहिलं. "असंल जादाचा एखादा."

"जादा कुठला? जोडच आणला होता. डावा मी घातला."

"मग जुना घातला असंल मी."

"जुने तुम्हीच भंगारात टाकले."

आबा स्टुलावरून खाली उतरले. "शैले, आवळलंय मी. म्हणतोय न्हवं?"

पूर्वी एकदा मी एका जीपला वाकवलेलाच पत्रा सरळ करून पुन्हा घातला होता. आबांनी पूर्ण बांधलेलं चाक मला पुन्हा उघडायला लावलं होतं, तेही गिऱ्हाइकासमोर. पत्र्याशिवाय बोल्ट आवळणारा माणूस हा नव्हे. पत्रा इथं होता. म्हणजे बोल्ट हातानं फिरवून नुसते लावले होते. आवळायचे राहिले होते.

गावात गाडी चालवताना त्याचा पत्ताही लागला नसता. पेडल नेहमीसारखंच लागलं असतं. पन्हाळा चढताना ब्रेकला काम नसतं. उतरताना असतं. प्रत्येक वळणाला पाय पडणार, प्रत्येक वेळी कॅलिपरला हिसका बसणार आणि बोल्ट थोडे थोडे बाहेर येणार. शेवटी कॅलिपर चाकात अडकेल, नाहीतर त्याच्याबरोबर ब्रेकची नळी तुटेल आणि ऑइल रस्त्यावर सांडेल. मग पेडल पार खाली जाईल. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका अंगाला दरी आहे.

मोबाइल तेव्हा कुणाच्या खिशात नव्हते. झुणका-भाकरीच्या छपरात फोन नव्हता.

मी पाटाकडे गेले आणि पाने उचलायला लागले.

"हात लावू नको," आबा म्हणाले. "सोनं लुटायचं व्हायचंय अजून. आज हत्यार उठत नसतं."

"उठवायला लागतंय."

"म्हणजे माझ्या हाताचा भरवसा नाही तुला."

मी पाने पिशवीत घातले. त्यांच्यावरचं कुंकू माझ्या बोटांना लागलं. आबा बघत राहिले. त्यांच्या घरात, त्यांच्या देखत, पूजेतलं हत्यार आजवर कुणी उचललं नव्हतं. मी स्कूटर बाहेर काढली. पहिली किक फुकट गेली. दुसरी मारायच्या आधी मागच्या सीटवर वजन पडलं. आबा बसले होते. मांडीवर टॉर्क रेंच होता, झेंडूची एक पाकळी त्याला अजून चिकटलेली.

"चल," ते म्हणाले. "बघ तुझ्या डोळ्यांनी. मग बोलू."

गावात रस्त्याला हार घातलेल्या गाड्याच गाड्या होत्या. प्रत्येक लाल गाडीला मी दचकत होते. शिवाजी पुलावर बैलगाडीमागं अडकलो. केर्लीच्या पुढं जोतिबाला निघालेल्या जीपांची रांग लागली होती, ती मी कडेच्या मातीतून मागं टाकली. एरवी मी स्कूटर अशी मारली असती तर आबांनी खांद्यावर टपली दिली असती. त्या दिवशी त्यांनी मांडीवरचा रेंच तेवढा घट्ट धरला.

जोतिबाचा फाटा गेल्यावर रस्ता मोकळा झाला तसे ते बोलायला लागले. शांतपणे, एखाद्याला काम समजावून सांगावं तसं. उजव्या बाजूला उजेड कमी होता, म्हणाले. चाकाच्या आत काही दिसत नव्हतं. डिस्क जागेवर बसली, कॅलिपर आला.

"बशीर खाली वाकून बॅटरी धरून बसलावता. म्हटलं नीट धर की रं, माझ्या डोळ्यांवर काय मारालाईस. तर हसाय लागला. मग वरचा बोल्ट आवळला. मग खालचा."

मी मान वळवली नाही.

बशीरचाचा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आबांनी त्यांना खांदा दिला होता. त्यांचा पान्यांचा डबा पूजेला बसायचा तो आबांच्याच आग्रहानं.

"बशीरला विचार पाहिजे तर," आबा म्हणाले.

"बरं," मी म्हटलं आणि स्कूटर आणखी पळवली.

वाघबीळ गेलं आणि चढ लागला. स्कूटर दोघांच्या वजनानं कण्हायला लागली. दोन वळणं चढलो. तिसऱ्याच्या अलीकडे मी वर पाहिलं. डोंगराच्या कडेनं, आमच्या डोक्यावरच्या रस्त्यावर, लाल ठिपका उतरत होता. एका झाडामागं गेला आणि पुन्हा दिसला. छप्पर खाली केलेलं होतं. काकींचा पदर वाऱ्यावर उडताना दिसला.

मी स्कूटर कडेला घेतली. पहिला विचार आला तो रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात हलवायचा. मी दोन पावलं पुढं टाकलीसुद्धा. मग थांबले. मला रस्त्यात बघून काकासाहेब काय करतील? ब्रेक दाबतील. जीव खाऊन दाबतील. जे टाळायला आलो तेच माझ्या हातून झालं असतं.

"आबा, त्यांनी ब्रेकवर पाय देता कामा नये. सांगायचं कसं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या रस्त्याकडे पाहिलं. रेंच माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू हितंच थांब. पुढं येऊ नको."

ते वळणाच्या बाहेरच्या कडेला, पांढऱ्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. वरून येणाऱ्याला आधी तीच जागा दिसते. त्यांनी उजवा हात सरळ वर केला. मूठ वळली. मूठ पोटापाशी ओढून घेतली, पुन्हा वर नेली, पुन्हा ओढली. डावा पंजा छातीसमोर आडवा धरून हलवत होते. पाठ ताठ होती.

असल्या खुणांबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. शर्यतीत आवाज पोचत नाही, म्हणून मिस्त्रीनं कडेला उभं राहून हातानं सांगायचं. त्या दोघांच्या खुणा त्यांनी स्वतःच ठरवलेल्या होत्या. मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. शेवटची शर्यत झाली ती माझ्या जन्माच्या आधी.

बुटकी वळणातून बाहेर आली. आबा दिसले तसं काकासाहेबांचं डोकं किंचित पुढं झुकलं. हॉर्न वाजला नाही. काकासाहेबांनी गिअर खाली टाकला आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. गाडीनं नाक खाली केलं आणि वेग पडला. पुन्हा आवाज चढला, आणखी वरच्या पट्टीत. तिनं आबांना ओलांडलं. मला ओलांडलं. उजव्या मागच्या चाकातून खरवडल्यासारखा आवाज येत होता. काकासाहेब दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून फक्त समोर बघत होते. काकींनी दाराची कड धरली होती.

पुढं डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. पहिल्या गिअरमध्ये रांगत आलेली गाडी त्यांनी अलगद त्या ढिगात घातली. खडी बॉनेटवरच्या हारापर्यंत आली आणि गाडी थांबली.

मी पळत जाऊन चाकांखाली दगड घातले.

काकी दार ढकलून बाहेर आल्या. पदर सारखा केला, कपाळावरचा घाम पुसला. "मी म्हटलंवतं ह्यांना, या वर्षी जीपनं जाऊ," त्या मला म्हणाल्या. "म्हणे बुटकी रुसेल. आता बघा, कोण रुसलंय."

काकासाहेबही उतरले. ते आबांची वाट बघत उभे राहिले. आबा चालत आले.

"काय झालंय, मिस्त्री?"

"काही न्हाई. पोरीला शंका आलीया."

काकासाहेबांनी मान हलवली. वरून निघताना पेडल नेहमीसारखं होतं, पण शेवटच्या वळणांत जरा खोल जायला लागलं होतं, असं ते म्हणाले. डिकी उघडून त्यांनी जॅक काढून दिला. मी उजवं मागचं चाक उतरवलं.

वरचा बोल्ट नव्हता. खालचा शेवटच्या आट्यांवर लोंबत होता. मी दोन बोटांनी धरला तर फिरला. कॅलिपर तिरका होऊन चाकाला घासत आला होता, आणि चाकाच्या आतल्या अंगाला चांदीसारखा चकचकीत चरा पडला होता. ब्रेकची नळी ताणून तारेसारखी झाली होती. ऑइल अजून गळत नव्हतं.

काकी जवळ आल्या, वाकून पाहिलं आणि सरळ होऊन दरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आबा गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मला चांगला ओळखीचा होता. कारागिरानं काम बिघडवलं की गॅरेजात तो दिसायचा.

"कुणी केलंय हे?"

ते खरोखरच विचारत होते. माझ्याकडे बघून उत्तराची वाट बघत होते. काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"माझंच चुकलं, मिस्त्री," ते म्हणाले. "मी न विचारता गाडी काढली."

"न विचारता कुठं? किल्ली मी दिली की तुम्हाला. पेढा..."

ते तिथं थांबले. हात काळे झाले होते, ते पुसायला त्यांनी सवयीनं पँटच्या खिशातून फडकं काढलं. ते फडकं नव्हतं. बुटकीची लाल चिंधी होती. घडी घालून ठेवलेली.

त्यांनी ती तळहातावर पसरली. वरून एक एस.टी. आली, आमच्याजवळून सावकाश खाली गेली. खिडक्यांतून लोक वाकून बघत होते.

"शैले, बशीर कधी गेला?"

"तीन वर्षं झाली, आबा."

"मग काल बॅटरी कुणी धरली?"

"कुणीच नाही."

एखादं माप ऐकून घ्यावं तशी त्यांनी मान हलवली. मग उठले, पुढच्या दाराशी गेले, आत वाकून स्टिअरिंगला चिंधी बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

काकासाहेब आणि काकींना आम्ही एका जीपमध्ये बसवून दिलं. जाताना काकींनी आबांसाठी वरून बांधून आणलेली झुणका-भाकरी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, थंड व्हायच्या आत खा, मिस्त्री. टेम्पो येऊन गाडी त्यात चढवेपर्यंत आबा खडीच्या ढिगाशेजारी बसून होते. अर्धी भाकरी त्यांनी मला दिली.

संध्याकाळी काकासाहेब सोनं द्यायला आले. आपट्याची पानं आबांच्या हातात ठेवून त्यांनी गळाभेट घेतली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, उजवं चाक मिस्त्रींनीच करायचं. मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाले, "तू बघशीलच की."

दुसऱ्या दिवशी नवा बोल्ट आणि ब्रेकची नवी नळी आणली. आबा बुटकीच्या उजव्या चाकापाशी बसले, मी बॅटरी धरली. कॅलिपर जागेवर आला. पत्रा तोच घातला, हळद-कुंकवाचा. त्यांनी वरचा बोल्ट आवळला. कट्. खालचा आवळला. कट्. मग रेंच माझ्यापुढं धरला.

"आता तू."

मी दोन्ही बोल्टना रेंच लावला. दोन्हीकडं लगेच आवाज आला, बोल्ट जराही हलला नाही. आबांनी पत्र्याचे कान वाकवले, चाक चढवलं, गाडी खाली घेतली.

"चिंधी सोड," ते म्हणाले.

"तुमचं काम आहे. तुम्ही सोडायची."

"न्हाई." ते हात पुसत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "आता मी कशाला पण हात लावला की चिंधी बांधायची. तू बघायचं आणि तू सोडायची. मी सोडायची न्हाई."

मी चिंधी सोडली.

गॅरेज पुढं बरीच वर्षं आम्ही दोघांनी चालवलं. आबांनी हात लावलेली एकही गाडी मी तपासल्याशिवाय बाहेर गेली नाही, आणि त्यांच्या कामात चूक फार क्वचित सापडली. बुटकी अजून दसऱ्याला पन्हाळ्याला जाते. आता काकासाहेबांची नात चालवते. मागच्या डिस्क त्याच आहेत.

शेवटच्या वर्षांत आबा घरीच असत. गाडी समोर नसली तरी चिंधी त्यांच्या हातात असे. चहाच्या कपाच्या कानाला बांधायचे, दाराच्या कडीला बांधायचे, एकदा स्वतःच्या सदऱ्याच्या बटणाला बांधली होती. मग खुर्चीत बसून माझी वाट बघायचे. मी जाऊन बघायची. कप रिकामा आहे. कडी लागली आहे. बटण नीट लावलंय. मग गाठ सोडून चिंधी त्यांच्या हातात द्यायची, आणि ते उठायचे.